सुधारलेला मुलगा

मुलगा सुधारला, असं जो तो म्हणत होता, आणि नेमक्या त्याच शब्दाची पडदेवालीला धास्ती वाटत होती.

पडदेवाली हे काही तिचं नाव नव्हे. ती पडदे शिवायची, म्हणून गल्लीनं ते तिला चिकटवलं होतं. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, भिंतीला टेकवून छतापर्यंत रचलेले कापडाचे गठ्ठे, आणि उरलेल्या जागेत संसार. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, शाळांच्या सभागृहांचे पडदे तिच्या हाताखालून जात, आणि तिच्या स्वतःच्या खिडकीला मात्र जुनी चादर लटकत असे. त्यावर ती स्वतःच हसायची. नवऱ्यानं केव्हाच दुसरीकडे बिऱ्हाड थाटलं होतं. घरात ती, सोळा वर्षांचा थोरला आणि त्याच्या निम्म्या वयाची धाकटी, छकुली.

थोरल्याला लहानपणापासून सगळे भुंगा म्हणत. जेवताना, अभ्यास करताना, अगदी दात घासतानासुद्धा तो ओठ मिटून काहीतरी गुणगुणत असायचा. "अरे, घरात मधाचं पोळं लागलंय का?" म्हणून मामा त्याची टर उडवायचा. मग कधीतरी ते गुणगुणणं बंद झालं. नेमकं केव्हा, ते तिलाही सांगता आलं नसतं. आवाज सुरू झाला की कळतं, थांबलेला कुणाच्या लक्षात राहतो? तो दिवसाउजेडी दिवा लावून बसायला लागला. मित्र दाराशी आले की "नाही म्हणून सांग" म्हणायचा. शेजारच्या भिंतीला कान लावलेला तिनं त्याला दोनदा पाहिला. वयात आलाय, असं तिनं मनाशी म्हटलं. वय हा शब्द मोठा सोयीचा, त्यात काय वाटेल ते मावतं.

आणि एका दुपारी तो हातोडी घेऊन शेजाऱ्याच्या दारात गेला. शेजारी विजेचे मीटर दुरुस्त करणारा, अंगानं किरकोळ, स्वभावानं गरीब. पोरानं आधी त्याचं दार फोडलं, आणि तो अडवायला पुढे आला तेव्हा त्याचं मनगट. पोलिसांनी विचारलं, "का रे केलंस?" पोरगा म्हणाला, "राग आला." कशाचा राग, ते काही त्यानं सांगितलं नाही. शेजाऱ्यांची भांडणं काय कमी होतात? आवाजावरून काहीतरी बिनसलं असेल, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं. रागाचं हे असं असतं, तो सगळ्यांनाच येतो, त्यामुळे त्याबद्दल कुणी फार खोदून विचारत नाही.

भुंग्याला सुधारगृहात ठेवलं. गावाबाहेरची बसकी पिवळी इमारत, एकामागे एक दोन दारं. पहिलं मागे बंद झाल्याशिवाय दुसरं पुढे उघडत नसे, आणि त्या मधल्या अरुंद जागेत उभं राहिलं की पडदेवालीचा श्वास कोंडायचा. आत फरशी धुण्याच्या औषधाचा वास. मुलांना तिथं राग आवरायला शिकवत. त्यासाठी एक तरुण समुपदेशक नेमलेला होता. मुलं त्याला सर म्हणत, म्हणून तीही सर म्हणायची. माणूस मनाचा चांगला, डोळ्यांखाली कायम काळं, शर्टाच्या खिशाला पेनाच्या शाईचा डाग. मुलांशी तो खरोखर जिव्हाळ्यानं बोलायचा. महिन्यातून एकदा तो घरच्यांनाही बोलवायचा, आणि मग सगळे प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडून बसत. भिंतीवर हसऱ्या, रडक्या, रागावलेल्या चेहऱ्यांचा तक्ता. टेबल जमिनीला स्क्रूनं घट्ट केलेलं, कुणी उचलून फेकू नये म्हणून.

त्या खोलीत तिचा मुलगा इतकं छान बोलायचा, की तिला ऐकताना आपण दुसऱ्याच कुणाच्या घरी आलोय असं वाटायचं.

"माझ्या रागाची जबाबदारी माझी आहे," तो म्हणायचा. "राग यायच्या आधी मुठी आवळल्या जातात, ते मला आता ओळखता येतं. मग मी आकडे मोजतो."

"शाबास!" सर म्हणायचे. "ऐकलंत ना, ताई?"

ताई ऐकत होती. पण आईचे डोळे कानांचं ऐकतातच असं नाही. पोरगा बोलताना सरांकडे बघत होता, तिच्याकडे बघत होता, भिंतीवरच्या तक्त्याकडेही बघत होता. धाकटीकडे मात्र नाही. धाकटी त्याच्या समोर येऊन बसली की हा खुर्ची जराशी वळवून घ्यायचा, सहज घेतल्यासारखी. ती बाजूला सरकली की याची खुर्ची पुन्हा वळायची.

एकदा तो स्वतःहून तिला म्हणाला, "इकडे ये गं. कानामागचे केस वर कर बघू."

धाकटी हसत गेली. तिच्या डाव्या कानामागे तीळ होता. त्यानं वाकून तो बराच वेळ पाहिला. बोट पुढे केलं, पण लावलं नाही. नोट खरी की खोटी पाहताना दुकानदार जसा चेहरा करतो, अगदी तसा चेहरा.

"हं," तो म्हणाला, आणि परत जाऊन बसला.

सरांना हसू आलं. "बहिणीची फारच आठवण येते वाटतं!"

पडदेवालीच्या मात्र अंगावर सर्रकन काटा आला, आणि का आला हे तिला कळेना.

परतताना बसमध्ये धाकटी खिडकीच्या काचेवर बोटानं रेघोट्या ओढत म्हणाली, "आई, दादा माझी परीक्षा का घेतो गं?"

"कसली परीक्षा?"

"तू सरांशी बोलत होतीस ना, तेव्हा त्यानं विचारलं, आपल्या पहिल्या मांजरीचं नाव काय. मी सांगितलं. मागच्या खेपेलापण हेच विचारलं होतं. मी चुकले तर काय होईल?"

"काही होत नाही. गंमत करत असेल."

"तो हसत नव्हता," धाकटी म्हणाली.

पुढच्या भेटीला पडदेवालीनं सरांना एकटं गाठलं. काय सांगायचं ते तिनं येताना रस्ताभर मनात जुळवलं होतं, पण तिथं उभी राहिल्यावर सगळे टाके उसवले. "सर, तो पोरीकडे बघत नाही," एवढंच तिला जमलं.

सरांनी मान हलवली. "लाज वाटते त्याला, ताई. धाकट्या बहिणीच्या नजरेतून उतरलो, असं वाटतं मुलांना. मी पाहिलंय ना. घरी आला की निवळेल."

पटण्यासारखंच होतं. तिलाही ते पटवून घ्यायचं होतं. आणि शिवाय, आपल्याच पोटच्या पोराची आपल्याला भीती वाटते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिचा धाकटा भाऊ, पोरांचा मामा, लांब पल्ल्याची बस चालवायचा. त्याचा भाच्यावर जीव. त्यानं एका गॅरेजमध्ये त्याच्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. "ताई, आता कशाला तोंड पाडून बसलीस?" तो म्हणायचा. "पोरगं हातचं गेलं होतं, ते परत आलं. देवाघरचं देणं समज आणि गप घरी आण." ती मशीनखाली पुढचा पडदा सरकवायची.

बाल न्याय मंडळापुढे सुटकेचा निर्णय व्हायचा होता. त्याआधी पोराला एक दिवस घरी पाठवून पाहायचं, असं ठरलं. सकाळी सुधारगृहाची गाडी आली. सोबत आलेला रखवालदार म्हातारा आणि गुडघेदुखीनं बेजार. जिना पाहून म्हणाला, "बाई, मी खालीच बसतो गाडीत. तुमचं पोर गायीसारखं गरीब आहे. काही लागलं तर हाक मारा."

पोर वर आलं. उंच झालं होतं. दारातच थांबून त्यानं खोलीवरून नजर फिरवली. छत, कोपरे, विजेचं बटण, मशीन, गठ्ठे. मग चपला नीट जोडीनं काढून ठेवल्या. पूर्वी एक चप्पल दारात आणि एक मोरीत असायची. तिनं चहा केला. तिनं आधी घोट घेईपर्यंत त्यानं कप तोंडाला लावला नाही.

"दादा, माझी नवी वही दाखवू?" धाकटी म्हणाली.

"नंतर," तो म्हणाला. "तू जरा लांब बस."

"का?"

"बस म्हटलं ना." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं, असं आईला वाटून गेलं.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या बाईनं कापडाचं माप विचारायला हाक मारली. पडदेवाली दारातून बाहेर जिन्यापर्यंत गेली, चार शब्द बोलून परत आली. तेवढ्यात पुढची खोली रिकामी झाली होती. जेवायला पाव कापावा म्हणून तिनं ओट्याखालचा खण ओढला. सुरी नव्हती. मोठी नव्हती, लहान नव्हती, साल काढायचीसुद्धा नव्हती. चमचे मात्र शहाण्यासारखे ओळीनं पडलेले. तिची नजर आपोआप मशीनकडे गेली. मशीनशेजारच्या खिळ्याला तिची कापड कापायची मोठी कात्री असायची, कुणी हात लावला तर ती घर डोक्यावर घ्यायची अशी. खिळा मोकळा होता.

"छकुले!" तिनं हाक मारली.

मागच्या बाजूनं धाकटीचं बोलणं ऐकू येत होतं. पडदेवाली तिकडे धावली. न्हाणीघराचं दार बंद. दाराबाहेर पोरगी मांडी घालून बसलेली, मांडीवर वही, आणि मोठ्यानं शाळेतला धडा वाचून दाखवत होती. आतून नळ सोडल्याचा आवाज.

"दादा म्हणाला वाचत राहा, थांबू नको," ती म्हणाली. "तो आत आहे. कडी लावून घेतलीय."

तिनं पोरीला बखोटीला धरून उठवलं आणि स्वतःच्या मागे घेतलं. "अरे," ती दाराला म्हणाली, "कात्री कुठंय माझी?"

नळ बंद झाला.

"गठ्ठ्यांच्या मागे," तो आतून म्हणाला. "हिरव्या कापडात गुंडाळलंय सगळं. माझ्याकडे काही नाही, आई. खरंच काही नाही. तिला घेऊन जा आधी. वरच्या मावशींकडे सोड आणि ये. पण ये."

ती पोरीला वर सोडून आली. खाली गाडीतल्या रखवालदाराला हाक मारावी असं एकदा मनात आलं. मग वाटलं, पोरानं "पण ये" म्हटलंय. ती दाराशी जमिनीवर बसली. दार फळ्यांचं, खालच्या फटीतून पाणी आणि त्याच्या पायांची सावली दिसत होती.

"बोल," ती म्हणाली.

तो एकदम, घाईघाईनं, कुणी तोंडावर हात ठेवायच्या आत उरकून घ्यावं तसं बोलला.

"ती छकुली नाहीये असं म्हणतात ते. छकुलीला नेलं, आणि तिच्या जागी हिला ठेवलं. मी तपासतो ना, तीळ तपासतो, मांजर विचारतो. सगळं बरोबर येतं. पण ते म्हणतात, बरोबर येणारच, शिकवून पाठवलंय तिला. मग मला कळत नाही. आई, कधी कधी मला त्यांचंच पटतं. आज दुपारी पटत होतं."

"ते म्हणजे कोण रे?"

"भिंतीत होते आधी. म्हणून तर मी गेलो होतो शेजारी. मला वाटलं त्यानं मीटरमध्ये काहीतरी बसवलंय. आता भिंत नसली तरी असतात."

तिनं तोंडावर पदर दाबला. हातोडी, फुटलेलं दार, मनगट, दिवसा पेटलेला दिवा. तिच्या डोळ्यांसमोरून सगळं उलट्या दिशेनं गेलं.

"सरांना का नाही सांगितलंस?"

"राग म्हटलं की त्यांना कळतं," तो म्हणाला. "राग म्हटलं की ते शाबास म्हणतात. हे सांगितलं तर छकुलीला काहीतरी करू, असं ते... ते दुसरे म्हणतात. सांगितलंस तर त्याच दिवशी. तू पण सांगू नकोस. तुला माझ्या गळ्याची शपथ. तू फक्त म्हण, मला पोरगा घरी नको. एवढंच म्हण. मला इथं राहू देऊ नकोस, आई."

तिनं फळीवर हात ठेवला. "बरं," ती म्हणाली.

कडी निघाली. तो बाहेर आला तेव्हा डोक्यापासून पायांपर्यंत भिजलेला होता. तिनं टॉवेल दिला. लहानपणी पुसायची तसं त्याचं डोकं पुसायला हात उचलला, आणि तो हात मध्येच थबकला. तिचं तिलाच कळलं की आपण घाबरलोय. त्यालाही कळलं. त्यानं टॉवेल हातातून हळूच घेतला आणि जिना उतरून गाडीत जाऊन बसला.

रखवालदार खालून ओरडला, "लवकर कंटाळला की काय घराला?"

मंडळाची बैठक होईपर्यंतचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. हातातला पडदा उलटा शिवला गेला, तो उसवून पुन्हा शिवला, तर पुन्हा उलटाच. शपथ मोडली तर पोराचा विश्वास जाणार. पाळली तर काय होणार? त्याला घरी पाठवणार नाहीत, कुठल्यातरी वसतिगृहात ठेवतील. तिथं तो पुन्हा आकडे मोजेल, शाबासकी मिळवेल. आणि ते दुसरे त्याच्या कानाशी असतीलच. तिथंही कुणाची तरी धाकटी बहीण असेल, कुणाचा तरी भाऊ. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण आडात आणि विहिरीत दोन्हीकडे आपलंच पोर असलं तर माणसानं काय करायचं, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

बैठकीची खोली साधी होती. लांब टेबल, त्यामागे मध्ये न्यायाधीशबाई, दोन बाजूंना मंडळाचे दोन सभासद, कोपऱ्यात पाण्याची टाकी. पंखा दर फेरीला एकदा कट्ट करायचा. पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसला होता. मामा कामाच्या गणवेशातच आला होता. सर बोलले, अधीक्षक बोलले. वर्तणूक उत्तम, एकदाही तक्रार नाही, बाकीच्या मुलांना आदर्श घालून द्यावा असा मुलगा. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि हसून म्हणाल्या, "मग आई? न्यायचं ना लेकाला घरी?"

"नाही," पडदेवाली म्हणाली.

पंखा कट्ट वाजला. मामानं मान गर्रकन वळवली. "ताई! शुद्धीवर आहेस का?"

"मला तो घरी नको."

सरांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मंडळातले एक वयस्कर गृहस्थ हळूच म्हणाले, "बाई, मुलानं एवढी मेहनत घेतली आणि आईनंच दार लावायचं?" न्यायाधीशबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "कारण सांगा," त्या म्हणाल्या. "कारणाशिवाय मी काही ठरवू शकत नाही. घरी नसेल तर त्याला आम्ही खुल्या वसतिगृहात पाठवू. तिथं कुलूप नसतं. तुमच्या मनात काही असेल तर ते आत्ता सांगायचं."

तिनं पोराकडे पाहिलं. तो तिच्याकडे टक लावून बघत होता, आणि मान हलवत होता. अगदी बारीक, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही अशी. नको. नको. नको.

"त्याला राग नाहीये," ती म्हणाली. "त्याला कधीच राग नव्हता. त्याला आवाज ऐकू येतात. बहीण बदललीय असं वाटतं त्याला. तो तिच्यासाठी घाबरतो, आणि मी... मी त्याला घाबरते. हे रागाचं काम नाही, बाई. त्याला डॉक्टरला दाखवा."

"सांगू नको म्हटलं होतं!" तो उभा राहिला. खुर्ची मागे पडली. इतके महिने जपलेला तो गुळगुळीत चेहरा एका क्षणात फाटला आणि आतून एक भेदरलेलं, लहान पोर बाहेर आलं. मग तो तिच्याकडे बघेनासाच झाला. तो खोलीच्या कोपऱ्याकडे वळला, जिथं पाण्याच्या टाकीपलीकडे कुणीच नव्हतं, आणि हात जोडून हळू आवाजात विनवू लागला.

"मी नाही सांगितलं. ती बोलली. मी नाही. तिला काही करू नका. ती शाळेत असेल आत्ता, तिला सोडा. मी नाही सांगितलं ना!"

कोपऱ्याकडून त्याला काहीतरी उत्तर मिळालं असावं, कारण तो ऐकत होता. मान तिरकी करून, लक्षपूर्वक. ऐकून झाल्यावर तो जमिनीवर बसला आणि दोन्ही कान दाबून पुढे-मागे झुलू लागला.

सगळ्यात आधी सर उठले. ते त्याच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवरच बसले.

मनोविकारांच्या डॉक्टरीणबाई येईपर्यंत पडदेवाली बाहेरच्या बाकावर होती. मामा तिच्यासमोरून दोनदा गेला. तिसऱ्यांदा थांबला. "चारचौघांत वेडा ठरवलंस त्याला," तो म्हणाला. "आता त्याला कोण ठेवेल कामावर? कोण उभं करेल दारात?" तो डोळे पुसत निघून गेला, आणि पुढे कित्येक दिवस त्यानं तिचं तोंड पाहिलं नाही.

मग सर आले आणि तिच्या शेजारी बसले. हात गुडघ्यांत दाबलेले.

"मी त्याला रोज भेटत होतो, ताई," ते म्हणाले. "रोज. एकदासुद्धा... आमच्याकडे डॉक्टर आठवड्यातून एक दुपार येतात. जो डोकं आपटतो, जो ताटं फेकतो, त्याला आधी दाखवतो. हा कधी आवाजच करत नव्हता."

"त्यानंच लपवलं, सर," ती म्हणाली. तिला सरांचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त काही वाटायला आत जागाच उरली नव्हती.

त्याला इस्पितळातल्या किशोरांच्या वॉर्डात ठेवलं. डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "औषध लागू पडायला वेळ लागतो. पहिलंच लागू पडेल असं नाही. मधे बरं वाटेल, पुन्हा बिघडेल. घाबरून जायचं नाही आणि हुरळूनही जायचं नाही. लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं, पण याहून उशिरा कळलं असतं तर फार वाईट झालं असतं."

भेटीच्या दिवशी ती जायची. पोरगा भेटायचा नाही. परिचारिका आतून येऊन सांगायची, "आज नको म्हणतोय." ती बाकावर वेळ संपेपर्यंत बसून राहायची आणि उठून यायची. एकदा आतून त्याचा ओरडा ऐकू आला, "तिला हाकला! ती आई नाहीये!" त्या दिवशी बसथांब्यावर उभी असताना तिच्या मनात आलं, आता माझीही पाळी आली. त्यानं माझा कुठला तीळ तपासायचा? तरी पुढच्या भेटीच्या दिवशी ती गेलीच. पहिलं औषध बदललं. दुसऱ्यानं तो दिवसभर झोपायला लागला. मग त्याचंही प्रमाण बदललं.

आणि एके दिवशी परिचारिका आली ती म्हणाली, "या आत. पण दाराजवळच बसा, आणि शिवू नका त्याला."

खोलीत पलंग, एक खुर्ची, जाळीची खिडकी. पोरगा पलंगावर बसला होता. सुजल्यासारखा फुगला होता, बोटं थरथरत होती, ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. बराच वेळ तो तिच्या चेहऱ्यावरून नजर फिरवत राहिला, कपाळ, नाक, हनुवटी, पुन्हा कपाळ. तिनं पापणीसुद्धा लववली नाही. तो ऐकत होता की बघत होता, ते तिला सांगता येईना.

"तू सांगितलंस," शेवटी तो म्हणाला. जीभ जड झालेली, शब्द घसरत होते.

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"हो रे. म्हटलं होतंस."

त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. आता हा परिचारिकेला हाक मारणार, असं वाटून ती उठायच्या बेतात होती.

"छकुलीला काही झालं का?" त्यानं तिकडेच बघत विचारलं. "तू सांगितलंस, त्या दिवशी?"

"काही नाही झालं. शाळेतून आली, जेवली, वह्या पसरून बसली. धडधाकट आहे."

त्यानं हे मनात घोळवलं. त्याच्या कपाळावर आठी पडली, गेली, पुन्हा पडली. कोपऱ्याकडे एकदा त्याची नजर गेली, तिथं क्षणभर अडली आणि परत आली.

"ते म्हणाले होते, त्याच दिवशी," तो पुटपुटला.

"मग खोटं बोलले," आई म्हणाली.

बाहेर कुणाच्या तरी ढकलगाडीची चाकं फरशीवरून खडखडत गेली. परिचारिकेनं दारातून वेळ झाल्याची खूण केली. पडदेवाली उठली, पदर सावरला.

"तिला आणू नकोस," तो पाठीमागून म्हणाला.

"नाही आणत."

"अजून तरी," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.